पटकथाकार ग. दि. माडगूळकर

गेल्या श्रावणात आपल्या मंडळाने ‘दो आँखें बारह हाथ’ हा जुना चित्रपट दाखविला होता, हे भगिनींच्या स्मरणात असेलच. चित्रपट संपल्यावर सर्वांनी शांतारामबापूंची वाहवा केली, खेळणी विकणाऱ्या संध्याबाईंचेही कौतुक झाले. तेवढ्यात आमच्या गल्लीतील एका आजींनी विचारले, “अगं, पण ही गोष्ट मुळात सुचली कुणाला?” कोणालाच सांगता येईना. मी घरी जाऊन मुलांकडून शोध घेतला, तेव्हा कळले की, ज्यांचे ‘गीतरामायण’ आमच्या सासूबाई देवापुढे बसून ऐकत, त्याच माडगूळकरांची ती कथा! हे ऐकून सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “मग स्मरणिकेसाठी तुम्हीच लिहा.” माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी जमेल तसे लिहिते, भगिनींनी गोड मानून घ्यावे.

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे झाला. हा आटपाडीकडील माणदेशाचा भाग. आपल्या मराठवाड्यासारखाच पावसाला पारखा. त्या वेळी तेथे औंध संस्थानाचा अंमल होता. वडील संस्थानात कारकून, घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. गजानन हुशार, पाठांतर दांडगे, नकला करण्यात पटाईत. परंतु गणिताने घात केला आणि मॅट्रिकची परीक्षा पार पडली नाही. पुढे शिकविण्याची घरची ऐपत नव्हती.

असा हा मुलगा पोटासाठी कोल्हापुरास गेला. मास्टर विनायकांच्या ‘हंस पिक्चर्स’मध्ये त्याला काम मिळाले. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात तो लहानशा भूमिकेत दिसला. तेथेच वि. स. खांडेकरांसारख्या थोर लेखकाच्या हाताखाली लेखनिकाचे काम करावयास मिळाले. दुसऱ्याचे शब्द उतरवून घेता घेता हा आपले शब्द जुळवावयास शिकला. हीच त्याची शाळा.

येथे भगिनींना एक गोष्ट सांगितली पाहिजे. कथा आणि पटकथा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घरात लग्न ठरले, ही झाली कथा. परंतु हळद केव्हा, वऱ्हाड कुठे उतरावयाचे, पंगत कुणाची आधी, मुलगी निघताना कोण जवळ असावे, हे सारे आधी मनात मांडून ठेवावे लागते. ती झाली पटकथा. कोणी काय बोलावे, ते संवाद. लग्न नीट पार पडले की लोक मंडपाचे व जेवणाचे नाव काढतात. जिने मांडणी केली ती मागे स्वयंपाकघरात असते. लेखकाचेही तसेच. अमेरिकेतील हॉलिवूडसारख्या श्रीमंत ठिकाणीसुद्धा पटकथा लिहिणाऱ्यांना आपल्या हक्कांसाठी १९३३ साली संघटना उभारावी लागली.

१९४७ साली राजकमलचा ‘रामजोशी’ हा चित्रपट आला. सोलापूरच्या शाहिराची ती कहाणी. तिच्या लेखनाने व गीतांनी माडगूळकरांचे नाव घरोघरी झाले. पुढे दिग्दर्शक राजा परांजपे, संगीतकार सुधीर फडके आणि माडगूळकर असे त्रिकूट जमले. १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’, १९६० साली ‘जगाच्या पाठीवर’, असे एकाहून एक चित्रपट त्यांनी दिले. ‘लाखाची गोष्ट’मध्ये श्रीमंत बाप मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या गरीब तरुणाला लाख रुपये देतो व ठरल्या मुदतीत खर्च करून दाखव म्हणतो. महिनाअखेरीस डबे खरवडणाऱ्या आपल्यासारख्या गृहिणींना याची गंमत अधिकच कळते!

आता ‘दो आँखें बारह हाथ’ची हकीकत. औंधच्या राजेसाहेबांनी स्वातंत्र्यापूर्वीच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत वसविली होती. तेथे भिंतीही नव्हत्या आणि बेड्याही नव्हत्या. कैद्यांनी शेती करावी, मुलाबाळांत राहावे, असा तो प्रयोग. माडगूळकरांच्या गावाकडची ही गोष्ट. तिच्यावरून सहा खुनी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर, अशी कथा तयार झाली. १९५७ साली चित्रपट निघाला. त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात गौरव झाला, आणि त्यानंतर हॉलिवूडच्या गोल्डन ग्लोबमध्येही सन्मान लाभला. माणदेशाच्या माळरानावरची गोष्ट साता समुद्रापार गेली, ती अशी.

१९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभरात ५६ गीते झाली. १९६९ साली पद्मश्री मिळाली. १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. मॅट्रिक न झालेला मुलगा पंडितांच्या सभेत अग्रस्थानी बसला. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता मनातले सांगते. माझा धाकटा गेल्या वर्षी दहावीला गणितात राहिला. आठ दिवस तो कोणाशी बोलेना, जेवणाचे ताट तसेच परत येई. मीही रागाच्या भरात नको ते बोलून बसले होते. हा चित्रपट पाहून आल्यावर एका रात्री त्याला माडगूळकरांची ही हकीकत सांगितली. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून बसला. नापास होणे चांगले, असे मी म्हणत नाही. माडगूळकरांनीही शाळा सुटल्यावर शिकणे सोडले नव्हते, एवढेच त्याला व मला उमजले. त्या जेलरने सहा जणांवर विश्वास टाकला. आपल्याला तर घरातल्या एकावरच टाकावयाचा असतो.

पुन्हा जुना चित्रपट लागला, तर भगिनींनी सुरुवातीची नावे संपेपर्यंत चहा ठेवावयास उठू नये, लेखकाचे नाव वाचून मग उठावे, एवढीच विनंती.