पांझरेचे पाणी आणि मालेगावचे मत

पांझरा नदी आमच्या पिंपळनेरच्या परिसरात उगम पावते आणि धुळ्याकडे जाते. आमचे मत मात्र उलट दिशेला, नंदुरबारला जाते. साक्री विधानसभा नंदुरबार लोकसभेत आहे. आणि नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मत देते ते धुळ्याचा खासदार निवडायला. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेने नकाशावर ओढलेल्या या रेघा. सोयरीक, बाजार, दवाखाना यांचे रस्ते वेगळे आणि मतपेटीचा रस्ता वेगळा.

ही गंमत सांगण्याचे कारण 2024 चा निकाल. त्या वर्षी धुळ्यातून काँग्रेसच्या शोभा बच्छाव अवघ्या 3,831 मतांनी निवडून आल्या. भाजपचे सुभाष भामरे इतर पाच विधानसभा क्षेत्रांत मिळून सुमारे 1 लाख 90 हजारांनी पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने ती आघाडी धुऊन काढली. तिथे बच्छाव यांना 1,98,869 आणि भामरे यांना 4,542 मते पडली. मग राज्यभर एक शब्द फिरला, ‘व्होट जिहाद’. रांगेत उभे राहून शाईचे बोट घेऊन घरी परतलेल्या विणकराला कळेना, आपण नेमका कोणता गुन्हा केला.

मालेगावचा मुसलमान एकगठ्ठा मत देतो, हे खरे का? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

1857 नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडून मोमीन विणकर मालेगावात आले. हातमाग आले, पुढे यंत्रमाग आले. इंग्रजांच्या काळात मुसलमानांना विभक्त मतदारसंघ होते, पण मत होते ते कर भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला, शिकलेल्याला. मागावर बसणाऱ्या बहुसंख्य लोकांना त्या हक्काचा काय उपयोग? विणकराला आणि त्याच्या बायकोला खरे मत मिळाले ते 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, संयुक्त मतदारसंघात. हे आपण विसरतो. आपल्या मताचे मोल त्या दिवसापासून सुरू होते.

या गावाने दीर्घकाळ समाजवादी निहाल अहमद यांना उचलून धरले. 1978 पासून 1999 पर्यंत ते सलग आमदार होते. काही काळ विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. शेजारी सगळीकडे काँग्रेसची हवा असताना मालेगाव जनता पक्षाच्या, पुढे जनता दलाच्या बाजूने उभे राहिले. 1999 मध्ये त्याच मालेगावने त्यांना पाडले आणि काँग्रेसचे शेख रशीद यांना निवडले. गंमत म्हणजे त्याच वेळी लोकसभेला, तेव्हाच्या मालेगाव या आदिवासी राखीव मतदारसंघातून, जनता दलाचे (सेक्युलर) हरिभाऊ महाले विजयी झाले.

2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांनी शहर हादरले. 2009 मध्ये जनसुराज्य पक्षातर्फे मुफ्ती मोहम्मद इस्माईल आमदार झाले. 2014 मध्ये काँग्रेसचे आसिफ शेख, 2019 मध्ये एमआयएममधून पुन्हा मुफ्ती इस्माईल. पक्षांची नावे मोजा. ज्याला गठ्ठा म्हणतात, तो दर पाच-दहा वर्षांनी सुटतो आणि नव्याने बांधला जातो.

2009 ची लोकसभाही आठवावी. धुळ्यातून निहाल अहमद स्वतः उभे होते. त्यांना 72 हजारांवर मते पडली आणि भाजपचे प्रताप सोनवणे काँग्रेसच्या अमरीशभाई पटेल यांच्याविरुद्ध सुमारे 19 हजारांनी जिंकले. तेव्हा मते फुटल्याबद्दल कुणी मालेगावचे आभार मानले नाहीत. 2024 मध्ये ती फुटली नाहीत, तर शिव्या मात्र मिळाल्या.

आणि तो एकोपा तरी किती दिवस टिकला? जेमतेम सहा महिने. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला मुफ्ती इस्माईल यांना 1,09,653 आणि आसिफ शेख यांना 1,09,491 मते मिळाली. फरक 162 चा. समाजवादी पक्षाकडून निहाल अहमद यांच्या कन्या शान-ए-हिंद याही लढल्या. रांगा तशाच लांब होत्या, पण गल्ली गल्लीपासून आणि घर घरापासून फुटले होते. जिहादचा हुकूम मानणारा समाज असा अर्ध्यावर चिरला जातो का?

इथपर्यंत दुसऱ्यांना उत्तर झाले. आता थोडे आपल्याला.

धुळे शहरात 2019 ला एमआयएमचे फारुक शाह 46,679 मते घेऊन जिंकले, कारण समोरची मते अनेकांत वाटली गेली होती. 2024 ला त्यांची मते वाढून 70,788 झाली, आणि ते 45,750 मतांनी हरले. भाजपचे अनुप अग्रवाल यांच्यामागे समोरची मते एकवटली. आपण जितक्या जोराने एका बाजूला ओढतो, तितक्याच जोराने दोरी पलीकडून ओढली जाते. नुसत्या गर्दीच्या हिशेबावर चालणारे राजकारण अल्पसंख्याकाला कुठे नेते, ते या दोन आकड्यांत आहे.

आमच्या पिंपळनेरला हा मोह नाही. साक्री विधानसभा आणि नंदुरबार लोकसभा, दोन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव. तडवी बांधवांचा अपवाद सोडला तर इथे उमेदवाराचे नाव आपल्यासारखे असण्याचा प्रश्नच येत नाही. मग मत मागायला आलेल्याला विचारायला एवढेच उरते : पाण्याचे काय केलेस, शाळेचे काय केलेस, दंगलीच्या अफवेच्या रात्री तू कुठे होतास? इथला मुसलमान मतदार थोडा आहे, त्याची कुणी चर्चा करत नाही. पण आदिवासी उमेदवाराला कामाचा जाब विचारण्याची जी सवय त्याला लागू शकते, ती मालेगावच्या दोन लाख मतांनाही लागायला हवी. मागाची वीज, गटारे, मुलींचे कॉलेज हे सवाल मुफ्तींनाही विचारायचे, शेखांनाही आणि बच्छाव यांनाही.

घाबरून दिलेले मत वाचवते खरे, पण त्याच्या बदल्यात काही मागायचे राहून जाते. ज्यांच्या आजोबांना मत नव्हते, त्यांनी ते केवळ भीतीवर खर्च करावे, हे महाग पडणारे आहे.