हाक आणि कोठार

पिंपरी ते चाकण या पट्ट्याचा इतिहास सांगताना लोक कारखान्यांच्या उद्घाटनाच्या तारखा सांगतात. आज आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास मांडणार आहोत, तिच्या फिती कोणी कापल्या नाहीत. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’चे नियम लागू झाले आणि चाकणहून निघणाऱ्या बऱ्याच साध्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर गेला, त्याच्या जागी इंधन मोजून सोडणारी संगणकाची पेटी आली. ही पेटी सतत हाकेला बांधलेली असते. मोटारीच्या इंजिनाच्या चाकावर साठ दात्यांची जागा आखून दोन दाते गाळण्याची रीत आहे. चाक मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५,८०० खुणा होतात. खुणेची हाक आली की हातातले काम अर्धवट टाकून धावायचे. या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात.

ही युक्ती १९५० नंतरच्या दशकातली. त्यापूर्वी संगणकाला दर थोड्या वेळाने ‘काही आले का?’ म्हणून यंत्रांकडे डोकावावे लागे. हॉलंडात लूपस्ट्रा आणि स्खोल्टन यांनी एक्स-वन या संगणकाला हाकेची सोय द्यायचे ठरवले, तेव्हा त्यांचा सहकारी डाइकस्ट्रा धास्तावला. हाक कोणत्याही क्षणी येणार. मग चूक झाली तर ती पुन्हा तशीच घडवून पाहायची कशी? त्याने ती सोय पेलून दाखवली आणि १९५९ साली त्याच कामावर आपला प्रबंध लिहिला.

खरी गोम कोठारात आहे. कामगाराला हत्यार हवे असले की तो चिठ्ठी घेऊन स्टोअरवर जातो. स्टोअरकीपर चहाला गेला असेल तर बाकावर बसतो. संगणकातले साधे कामही स्मृतीची जागा मागताना असेच थांबू शकते. हाकेवर धावलेल्याला बसायला बाक नाही, कारण तो दुसऱ्याच्या जागेवर उभा आहे. तो झोपला तर मागचे कामही झोपते. त्याहून वाईट म्हणजे, हाक आली तेव्हा स्टोअरकीपर स्वतःच वहीत अर्धी नोंद करून थांबवला गेलेला असू शकतो. वही कुलूपबंद, किल्ली त्याच्या खिशात, आणि धावलेला माणूस हलल्याशिवाय त्याला हलता येत नाही! दोघेही जागच्या जागी खिळतात.

युनिक्सच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीत यावरचा साधा तोडगा दिसतो. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६ साली तिच्यावर ओळीओळीने टीका लिहिली. पण पुस्तकरूपाने ती उघडपणे छापली जायला १९९६ साल उजाडले. आमच्यासारख्या कॉलेज न पाहिलेल्यांना अशीच पुस्तके गुरू. तर त्या युनिक्समध्ये टंकयंत्रावरून येणाऱ्या अक्षरांसाठी सहा-सहा अक्षरांचे शंभर कप्पे आधीच वेगळे काढलेले होते. कप्पा उचलताना क्षणभर हाकांचे दार लावून घ्यायचे, म्हणजे वही अर्धवट सापडणार नाही. कप्पे संपले तर अक्षर हरवे. एकाच माणसाने २५६ अक्षरांची अडगळ केली तर त्याची सारी रांग फेकून देत.

१९९१ साली सुरू झालेल्या लिनक्सने मागणीचेच दोन प्रकार केले. एक थांबायला तयार असलेली. दुसरी न थांबणारी, जिला ‘अ‍ॅटॉमिक’ म्हणतात. दुसरीला राखीव साठ्यात हात घालायची मुभा आहे, पण तोही आटला तर ती रिकाम्या हाताने परतते. तारेवरून आलेला निरोप अशा वेळी गळाला तरी पाठवणारा बहुधा तो पुन्हा पाठवतो. उतारावर ब्रेक दाबणाऱ्याला पुन्हा दाबा असे कोण सांगणार?

म्हणून वाहनांच्या पेट्यांनी आणखी कडक वाट धरली. ब्रिटिश मोटार उद्योगाने सी भाषेसाठी १९९८ साली ‘मिस्रा’ नियम केले, त्यांत चालत्या कामात कोठारातून नवी जागा मागण्यालाच मनाई केली. सारे कप्पे आधी मोजून ठेवायचे. येथे आमच्यातला संघटक गप्प बसत नाही. पाळीवर एक राखीव माणूस ठेवा म्हटले की व्यवस्थापन त्याला ‘रिकामा’ म्हणते. पेटीतल्या रिकाम्या कप्प्यांना मात्र ते सुरक्षितता म्हणते आणि त्यांचे पैसे मोजते.

अर्थात आधी मोजले म्हणजे मोजणी बरोबरच आली असे नाही. एकाच क्षणी जास्तीत जास्त किती हाका येतील याचा हिशेब कोणाला तरी मांडावा लागतो, आणि कप्पे भरलेच तर जुनी नोंद टाकायची की नवी, हेही गाडी फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच लिहून ठेवावे लागते.