शिंदीवरची कुऱ्हाड

शिंदीचं झाड तोडल्यानं सरकारला झोंबेल, असं आज कुणाला सांगितलं तर हसू येईल. पण निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिंदी म्हणजे खजिनाच होता. शिंदी-ताडीच्या मक्त्यांतून अबकारी खात्याला मोठं उत्पन्न मिळे.

ऑगस्ट १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं लढा पुकारला. त्या सत्याग्रहात शिंदी तोडण्याचा कार्यक्रम आला. त्याची खुबी अशी, की ज्याला भाषण येत नाही, सही येत नाही, त्यालाही त्यात जागा होती. घरात कुऱ्हाड असली की पुरे. सभेवर बंदी घालता येते. आडव्या पडलेल्या झाडावर कशी घालणार? येणारा-जाणारा ते पाहायचाच.

पुढे १९६४ साली जपानमध्ये क्योटोला योको ओनो ही कलावती रंगमंचावर बसली आणि प्रेक्षकांनी एकेक करून कात्रीनं तिचे कपडे कापले. लोकांच्या हातून मोडतोड करवणाऱ्या अशा प्रयोगांना कलेच्या इतिहासात मान मिळाला. मराठवाड्यातल्या प्रयोगाला कुणी कला म्हटलं नाही. इथं मात्र कुऱ्हाड उचलणाऱ्यापुढं तुरुंग होता, रझाकार होते. आणि त्या झाडांवरच ज्यांचं पोट होतं, त्यांचं काय झालं? आपल्या गौरवकथांत ते फारसं येत नाही.

शिंदीपाठोपाठ करोडगिरी नाके, म्हणजे संस्थानचे जकात नाके, पेटले. लेव्हीच्या सक्तीच्या धान्यवसुलीला विरोध झाला. काही ठिकाणी पाटील-पटवाऱ्यांची दप्तरंही जाळली गेली. रयतेला दप्तर म्हणजे साऱ्याचा आणि वसुलीचा फासच वाटे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थानची राजवट संपली, तेव्हा त्या राखेबद्दल कुणी हळहळलं नसेल.

अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे त्याच मुलखातलं गाव. २०२३ साली तिथं मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गावाचं नाव राज्यभर पोचलं. पाठोपाठ सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तिचं काम निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधणं. आजोबांच्या पिढीनं ज्या दप्तराला काडी लावली, त्यातली एखादी ओळ आता नातवाला हवी होती. तहसिलांतले गठ्ठे सोडले गेले, आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली.