भार कुठे पडला होता?

कोराडीच्या चिमण्या नागपूरकरांना नव्या नाहीत. १९७४ पासून तिथे वीज तयार होते. ती सगळी इथेच खपते असे मात्र नाही. वीज विदर्भात, मागणी मुंबई-पुण्याकडे. म्हणून तर १९९९ मध्ये चंद्रपूरहून थेट पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची वाहिनी सुरू करावी लागली.

३० जुलै २०१२ च्या पहाटे २.३३ ला उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. पावसामुळे पश्चिमेत मागणी उतरली होती, उत्तरेत उकाड्याने चढली होती. आपल्याकडची शिल्लक वीज तिकडे धावली. पण बऱ्याच वाटा बंद, त्यामुळे मुख्य भार बीना-ग्वाल्हेर या एका ४०० केव्ही वाहिनीवर. गंमत पाहा, तारेत बिघाड नव्हताच! रिलेने जादा भारालाच बिघाड समजून वाहिनी तोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा तीच वाहिनी, आणि या वेळी पूर्व व ईशान्य भारतही विजेविना. पश्चिम बंगालच्या खाणींत शेकडो कामगार अडकले. सुदैवाने सुखरूप वर आले.

नुसत्या विजेच्या बेरजेत हे दिसणारे नव्हते. चौकशी समितीने एकेका वाहिनीवरचा प्रवाह तपासला, तेव्हा दुखणे सापडले. पश्चिमेचे जाळे, नागपूरसकट, दोन्ही दिवस टिकून राहिले होते.