द्वंद्वातील समतेचा शोध : 'सुपर पझल फायटर २ टर्बो' या व्हिडिओ खेळाचा इतिहास

प्रस्तावना

मराठी मुलखातील सोंगट्या, बुद्धिबळ, कुस्ती यांसारख्या खेळांविषयी विपुल लेखन झाले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या व्हिडिओ खेळांकडे मात्र इतिहासाचा विषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. हे खेळ मुलांचा वेळ घालविणारे साधन आहेत, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु प्रत्येक खेळ हा नियमांचा एक संच असतो आणि त्या नियमांमध्ये न्याय, समता व कौशल्य यांविषयीची विशिष्ट कल्पना दडलेली असते. जपानमधील कॅपकॉम या कंपनीने १९९६ साली 'सुपर पझल फायटर २ टर्बो' हा खेळ बाजारात आणला. वरून पडणाऱ्या रंगीत मण्यांचे कोडे आणि दोन योद्ध्यांचे द्वंद्व यांचा त्यात संयोग आहे. या खेळाची पूर्वपीठिका, त्याची नियमरचना आणि त्यात पुढे झालेले बदल यांच्या आधारे 'बरोबरीची लढत' ही कल्पना कशी घडत गेली, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पूर्वपीठिका : एकाकी कोड्याकडून द्वंद्वाकडे

पडणाऱ्या ठोकळ्यांच्या खेळांचा उगम 'टेट्रिस'मध्ये आहे. मॉस्को येथे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली 'इलेक्ट्रॉनिका ६०' या संगणकावर हा खेळ तयार केला. मूळ स्वरूपात तो एकट्याने खेळावयाचा खेळ होता. त्यात प्रतिस्पर्धी नव्हता. खेळाडूची झुंज होती ती वाढत जाणाऱ्या वेगाशी. १९८९ साली निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातात धरावयाच्या यंत्राबरोबर टेट्रिस घरोघरी पोहोचला. दोन यंत्रे तारेने जोडून दोघांना एकमेकांविरुद्ध खेळण्याची सोय त्यात होती. एका खेळाडूने एकाच वेळी अनेक ओळी पूर्ण केल्या की दुसऱ्याच्या पटावर तळातून अडथळ्याच्या ओळी वर सरकत. कोड्याला येथे प्रथमच हल्ल्याचे रूप आले. मात्र येणारा हल्ला रोखण्याचा कोणताही मार्ग खेळाडूजवळ नव्हता.

ही उणीव जपानमधील कंपाइल या कंपनीच्या 'पुयो पुयो' या खेळमालिकेने भरून काढली. या मालिकेतील पहिला खेळ १९९१ साली आला व १९९२ मध्ये सेगा कंपनीमार्फत तो खेळघरांतील यंत्रांवर अवतरला. एकाच रंगाचे चार गोळे जुळले की ते नाहीसे होतात आणि त्यातून साखळी निर्माण झाली की प्रतिस्पर्ध्यावर निरुपयोगी गोळ्यांचा वर्षाव होतो, असा त्याचा नियम होता. १९९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक महत्त्वाची भर पडली. आपल्यावर येऊ घातलेला हल्ला स्वतःच्या प्रतिहल्ल्याने वजा करता येऊ लागला. डावाला प्रतिडाव मिळाला.

याच काळात कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) हा लढतीचा खेळ जगभर लोकप्रिय झाला होता. त्याची 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो' ही सुधारित आवृत्ती १९९४ साली निघाली. १९९६ च्या कोड्याचे नाव म्हणजे या लांबलचक नावाचे थट्टेखोर अनुकरण होय. 'पझल फायटर'चा पहिला भाग कधीच अस्तित्वात नव्हता. 'दोन' हा आकडा केवळ विनोदाने आला आहे.

१९९६ चा खेळ : रचना व नियम

या खेळात 'स्ट्रीट फायटर' मालिकेतील र्‍यू, केन, चुन-ली, साकुरा आणि 'डार्कस्टॉकर्स' मालिकेतील मॉरिगन, फेलिशिया, लेई-लेई, डोनोव्हन असे आठ योद्धे निवडता येतात. याखेरीज अकुमा, डॅन व डेव्हिलॉट हे तिघे दडविलेले आहेत. मोठे डोके व आखूड हातपाय अशा बालसुलभ रूपात काढलेले हे योद्धे पडद्याच्या मध्यभागी एकमेकांना ठोसे मारताना दिसतात. परंतु त्या ठोशांचा निकालाशी काही संबंध नसतो. खरी लढत दोन्ही बाजूंच्या पटांवर चालते.

प्रत्येक पट सहा स्तंभांचा असतो. लाल, हिरवे, निळे व पिवळे मणी जोडीजोडीने वरून पडतात. मणी जुळले तरी ते आपोआप फुटत नाहीत. त्यासाठी त्याच रंगाचा विशिष्ट गोल मणी यावा लागतो. तो आपल्या रंगाच्या लगतच्या सर्व मण्यांना फोडतो. एका रंगाचे मणी दोन बाय दोन किंवा त्याहून मोठ्या चौकोनात रचले गेले की त्यांचा एकसंध महामणी बनतो व तो फुटल्यास हल्ल्याचा जोर वाढतो. प्रत्येक पंचविसाव्या जोडीत एक हिरा येतो. तो ज्या रंगावर टेकेल त्या रंगाचे पटावरील सारे मणी नाहीसे होतात. मणी ज्या स्तंभातून आत येतात तो वरपर्यंत भरला की खेळाडू हरतो. या रचनेमुळे संचय व उधळण यांचा तोल साधणे हेच मुख्य कौशल्य ठरते. लवकर फोडल्यास हल्ला क्षीण होतो, फार साठविल्यास स्वतःचाच पट बुडतो.

उत्तराचा अधिकार

या खेळाचे खरे वेगळेपण हल्ल्याच्या स्वरूपात आहे. प्रतिस्पर्ध्यावर पाठविलेले मणी साधे नसतात. त्यांच्यावर पाच हा आकडा असतो. हल्ला झेलणारा खेळाडू आपली एकेक जोडी पटावर ठेवील तसा हा आकडा कमी होत जातो व शून्यावर येताच ते मणी सामान्य मणी बनतात. म्हणजेच शत्रूने फेकलेले ओझे पाच चालींनंतर झेलणाऱ्याचे भांडवल होते. जो तेवढा काळ तग धरील, त्याला दुप्पट जोराने उत्तर देता येते. टेट्रिसमधील अडथळा ही निव्वळ शिक्षा होती. येथे मात्र प्रत्येक प्रहाराबरोबर परतफेडीचे साधनही प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाते. त्यामुळे मोठा परंतु निर्णायक न ठरणारा हल्ला हल्लेखोराच्याच अंगलट येतो.

मण्यांचे रंग कोणत्या क्रमाने पडणार, हे योद्ध्याच्या निवडीवर अवलंबून असते. प्रत्येक योद्ध्याचा रंगांचा नमुना ठरलेला असून तो दोन्ही खेळाडूंना ठाऊक असू शकतो. उदाहरणार्थ, केनचे मणी एकेका रंगाच्या आडव्या ओळींत पडतात. समोरच्या योद्ध्याचा नमुना ओळखून आपला पट आधीच तसा रचून ठेवणे हे जाणत्या खेळाडूचे लक्षण मानले जाते.

जोडीचा प्रश्न

येथेच या खेळातील मूळ विषमता उद्भवते. सर्व नमुने सारखे परिणामकारक नाहीत. डॅन हा योद्धा केवळ लाल मणी पाठवितो. प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीने ही जवळजवळ देणगीच होय, कारण एका लाल गोल मण्याने तो सारा ढीग फोडता येतो. डॅन हे मुळातच विडंबनात्मक पात्र असल्याने हा दोष हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. मात्र उरलेल्या योद्ध्यांतही केन व डोनोव्हन हे वरचढ ठरत. परिणामी, लढतीचा निकाल काही अंशी लढतीपूर्वीच, योद्धा निवडतानाच ठरू लागला.

हा प्रश्न अकलूज, माळशिरस, पंढरपूर या भागातील कुस्तीशौकिनांना अपरिचित नाही. जत्रेच्या फडात पंच व वस्ताद मंडळी पैलवानांची उंची, अंगलट, वय व तयारी पाहून जोड लावतात. जोड नीट लागली तरच कुस्ती काट्याची होते. अन्यथा चितपट करणाऱ्यालाही फारसे श्रेय मिळत नाही. पुढे स्पर्धात्मक कुस्तीने वजनगटांच्या रूपाने हीच समता नियमबद्ध केली. जत्रेत पंच ऐनवेळी जोड नाकारू शकतात. यंत्रावरील खेळात मात्र असा पंच नसतो. तेथे समता आधीच नियमांत गुंफावी लागते आणि ती चुकली तर खेळाची नवी आवृत्ती काढावी लागते.

२००७ ची दुरुस्ती आणि २०१७ ची आवृत्ती

अशी दुरुस्ती २००७ साली झाली. 'एचडी रीमिक्स' या नावाने एक्सबॉक्स ३६० व प्लेस्टेशन ३ या यंत्रांसाठी निघालेल्या आवृत्तीत अमेरिकन खेळरचनाकार डेव्हिड सर्लिन यांनी योद्ध्यांच्या नमुन्यांची फेरमांडणी केली. दुबळ्या योद्ध्यांना बळ देऊन अधिकाधिक जोड्या लढण्याजोग्या व्हाव्यात, हा त्यामागील हेतू होता. मूळ नियमांनुसार खेळण्याची सोयही त्यात राखण्यात आली. सर्लिन यांनी याच कल्पनेवर बेतलेला 'पझल स्ट्राइक' हा पटावरील खेळ २०१० साली प्रसिद्ध केला.

याउलट, नोव्हेंबर २०१७ मध्ये मोबाइलसाठी आलेल्या 'पझल फायटर'ने निराळी वाट धरली. हा खेळ विनामूल्य उपलब्ध होता. परंतु त्यातील योद्धे मिळवावे लागत व त्यांची पातळी वाढवावी लागत असे. म्हणजेच दोन खेळाडू समान साधनांनिशी समोरासमोर येतीलच, याची हमी उरली नाही. हा खेळ अल्पकाळच टिकला. ३१ जुलै २०१८ रोजी त्याचे सर्व्हर बंद करण्यात आले आणि त्याच वर्षी तो तयार करणारी कॅपकॉमची व्हँकुव्हर येथील शाखाही बंद झाली. १९९६ चा मूळ खेळ मात्र २०२२ च्या 'कॅपकॉम फायटिंग कलेक्शन'मध्ये पुन्हा उपलब्ध झाला. जुना खेळ अभ्यासता येतो आणि त्याच्यानंतर एकवीस वर्षांनी आलेला नवा खेळ पाहावयासही मिळत नाही, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

भारतीय संदर्भ

भारतात कॅपकॉमचे खेळ १९९० च्या दशकात खेळघरांतून परिचित झाले. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (१९९३) हा खेळ तर त्यातील एका पात्राच्या नावावरून 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला जाई. याच सुमारास या खेळघरांचा प्रश्न न्यायालयांपुढे आला. 'एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्हिडिओ खेळांवरील परवाना व नियंत्रण वैध ठरविले. खेळाचा निकाल कौशल्यावर ठरतो की नशिबावर, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-क्रीडा हा विषय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्यात पैसे लावून खेळावयाचे खेळ व ई-क्रीडा यांच्यात स्पष्ट भेद करण्यात आला. कौशल्याच्या कसोटीचा हा प्रश्न 'पझल फायटर'च्या इतिहासातूनही सामोरा येतो. केवळ कौशल्य असून भागत नाही. दोन्ही बाजूंना ते दाखविण्याची सारखी संधी नियमांनी दिली पाहिजे.

निष्कर्ष

१) पडणाऱ्या ठोकळ्यांचा खेळ १९८४ ते १९९६ या काळात एकाकी कोड्यापासून द्वंद्वापर्यंत विकसित झाला. या विकासाचे मुख्य सूत्र हल्ल्याला उत्तर देण्याची वाढत गेलेली मुभा हे होते.

२) 'सुपर पझल फायटर २ टर्बो'ने प्रहारातच परतफेडीचे साधन ठेवून ही मुभा नियमाच्या पातळीवर नेली.

३) योद्ध्यांच्या असमान नमुन्यांमुळे जोडीचा प्रश्न निर्माण झाला. २००७ च्या आवृत्तीने तो नियम बदलून सोडविण्याचा प्रयत्न केला, तर २०१७ च्या आवृत्तीने साधनांची नवी विषमता आणली.

४) द्वंद्व मातीतले असो वा पडद्यावरचे, बरोबरीची जोड हीच त्याची प्रतिष्ठा ठरते. ती राखण्याचे जे काम फडात पंचांचे असते, तेच यंत्रावरील खेळात नियम रचणाऱ्याचे असते.