परक्या सभागृहातील आमदार

बंगळूरलगतच्या आनेकलचा आमदार विधानसौधाच्या पायऱ्या चढतो तेव्हा हे सभागृह आपले की परक्याचे, असा प्रश्न त्याला पडत नाही. सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या बेळगाव-खानापुरातून निवडून आलेले महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदारही त्याच पायऱ्या चढत असत. त्यांनी मते मागितली होती ती मात्र या सभागृहाच्या सत्तेतून आपली भूमी सुटावी म्हणून! समितीचे बळ आणि तिचे दुखणे, दोन्ही या विसंगतीत आहेत.

१७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला, माणसे पडली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हा मराठी मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. एक तारीख हुतात्मा दिन झाली, दुसरी काळा दिवस. त्यामुळे १९५७ पासून सीमाभागातील मतदान रस्त्यापाण्यासाठी नव्हतेच. ते दर पाच वर्षांनी दिलेले सार्वमत होते. उमेदवार कोण, हे मतदार फारसे विचारीत नसे. १९६७ साली महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, आणि २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

पण सार्वमत तरी किती वेळा द्यावे? ज्या शेतकऱ्याने तरुणपणी हट्टाने समितीला मत दिले, त्याच्या नातवाला नोकरी हवी, गावाला नळ हवा. आणि समितीला मंत्रिपद मिळणे तर स्वभावतःच अशक्य. त्यात एकाच मतदारसंघात समितीचे दोन दोन उमेदवार उभे राहू लागले. मतदारसंघांची फेररचना, कानडी सक्ती ही कारणे कार्यकर्ते सांगतात, ती खोटी नाहीत. परंतु फुटीचे औषध त्यांच्याच हाती होते. २०१३ मध्ये दोन आमदार आले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही.

एवढ्यावरून भावना विझली असे म्हणावे, तर २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते पडली. तो निवडून येईल, असे त्या मतदारांपैकी फारच थोड्यांना वाटले असेल.

दरम्यान सभागृहच बेळगावच्या दारी आले. २०१२ मध्ये तेथे सुवर्ण विधानसौध उभे राहिले. अधिवेशन भरले की समितीने बाहेर महामेळावा घ्यायचा, असा प्रघात पडला. सरकारने कधी त्याला परवानगी नाकारली. २०१८ च्या डिसेंबरात अधिवेशन भरले तेव्हा आत बसायला समितीचा एकही आमदार उरला नव्हता.