स्पर्शविरहित अंगुलिमुद्रा

बोट यंत्राच्या काचेवर न टेकवता, कॅमेऱ्याने दुरून घेतलेल्या छायाचित्रावरून व्यक्तीची ओळख पटवण्याची पद्धत. वेबकॅम किंवा साध्या मोबाइलच्या छायाचित्रात बारकावे कमी येतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

प्रौढ माणसाच्या बोटावर दोन कंगोऱ्यांमध्ये साधारण अर्धा मिलिमीटर अंतर असते. नेहमीचे ठसायंत्र एका इंचात ५०० बिंदू टिपते. म्हणजे एका कंगोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत नऊ-दहा बिंदू मिळतात. कंगोरा कुठे संपला, कुठे दुभंगला हे त्यात स्पष्ट दिसते आणि याच खुणांवरून ओळख ठरते. इंचाला ५० बिंदूच असतील, तर कंगोरा आणि शेजारची खाच एकाच बिंदूत जातात. जे टिपलेच गेले नाही, ते सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही; फार तर अंदाज बांधते. म्हणून हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठातील अजय कुमार आणि यिंगबो झोऊ यांनी २०११ मध्ये या खुणांचा नाद सोडून बोटाच्या एकूण पोतावरून ओळख पटवण्याचा मार्ग मांडला.

छायाचित्रात बोट गोलच राहते, त्यामुळे कडेचे कंगोरे दाटलेले दिसतात. शाईच्या ठशात काळा उमटणारा कंगोरा इथे बहुधा उजळ येतो. कॅमेऱ्याचे अंतर माहीत नसल्याने मापही जुळवून घ्यावे लागते.

२०१८ मध्ये ब्रिटनमधील साउथ वेल्स पोलिसांनी व्हॉट्सॅपवरच्या एका फोटोतील, गोळ्या धरलेल्या हातावरून अमली पदार्थांचा गुन्हा सिद्ध केला. फोटोत बोटाचे टोक नव्हते, त्यामुळे नोंदींच्या संग्रहातून नाव निघाले नाही. संशयित ठरल्यावर मात्र ठसा जुळला. हजारोंतून माणूस शोधणे आणि समोरच्या माणसाची खात्री करणे यांतला हा फरक मोलाचा आहे. धोकाही उघड आहे : २०१४ मध्ये हॅकर यान क्रिसलर यांनी जर्मनीच्या तत्कालीन संरक्षणमंत्र्यांच्या अंगठ्याचा ठसा पत्रकार परिषदेतील छायाचित्रांवरून उभा केला होता.

भारतात आधारसाठी अशा पद्धतीवर आयआयटी मुंबईच्या सहकार्याने संशोधन हाती घेण्यात आले. रेशन दुकानात ‘थंब लागत नाही’ म्हणून परत फिरणाऱ्या, कष्टाने बोटे झिजलेल्या माणसांना तिचा उपयोग होईल की नाही, हे प्रतिमेच्या दर्जावर ठरेल. मात्र अंधुक प्रतिमा जुळली नाही, एवढ्याच कारणाने कुणाचेही धान्य अडवता कामा नये.